बीजाक्षर आणि त्यानंतरची शांतता

(धडगाव येथे देवीमंदिराच्या जीर्णोद्धारानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंदिराचा जीर्णोद्धार पुरा झाला म्हणजे गावाला कृतार्थ वाटावे हे साहजिकच आहे. कोणी सिमेंटच्या गोण्या दिल्या, कोणी फरशी दिली, कोणी घंटा दिली; ज्यांच्यापाशी पैका नव्हता त्यांनी वाळू-खडी वाहण्यास आपले खांदे दिले. चांदसैलीचा घाट चढून माल वर आणणे किती जिकिरीचे असते हे अक्राणी तालुक्यात राहणाऱ्यास सांगावयास नको. तथापि मंदिर बांधून झाले की एक प्रश्न उरतोच. तेथे येऊन करावयाचे काय? नारळ वाढविला, कुंकू वाहिले, घंटा वाजविली, प्रदक्षिणा घातली, की पाच मिनिटांत दर्शन आटोपते. सभामंडप मात्र चांगला ऐसपैस झाला आहे. त्यात स्वस्थ बसावयाचे ते कसे व कशासाठी, एवढाच या व्याख्यानाचा विषय आहे. देवीच्या बीजमंत्राचा जप आणि जप थांबल्यावर मागे राहणारी शांत जाणीव, असे त्याचे दोन भाग पडतात. विषय पंडितांचा वाटतो. वास्तविक पाहता तो नांगर धरणाऱ्याच्या आणि आमचुरासाठी कैऱ्या सोलणाऱ्या बाईच्याही आवाक्यातला आहे.

प्रथम बीज म्हणजे काय ते पाहू जाता, शब्दाला अर्थ असतो तसा बीजाक्षराला कोशातला अर्थ नसतो. ऐं, ह्रीं, श्रीं, क्लीं, दुं, क्रीं ही अक्षरे कोणत्याही वस्तूची नावे नव्हेत. परंपरेने ऐं हे सरस्वतीचे वाग्बीज, ह्रीं हे भुवनेश्वरीचे मायाबीज, श्रीं हे लक्ष्मीचे, क्लीं हे कामबीज, दुं हे दुर्गेचे आणि क्रीं हे कालीचे बीज मानले आहे. दुर्गासप्तशती हा ७०० मंत्रांचा, १३ अध्यायांचा ग्रंथ मार्कंडेय पुराणात आलेला आहे. त्याच्या पाठाबरोबर जो नऊ अक्षरांचा नवार्ण मंत्र जपतात त्याची सुरुवात ऐं, ह्रीं, क्लीं या तीन बीजांनी होते. ऐं ही महासरस्वती, ह्रीं ही महालक्ष्मी आणि क्लीं ही महाकाली, असे उपासक समजतात. मोहाच्या एवढ्याशा बीत सगळे झाड दडलेले असते, पण बी फोडून पाहिले तर त्यात ना फांदी दिसते ना फूल. ती पेरावीच लागते. बीजाक्षराचेही तसेच आहे.

ह्रीं या अक्षराची घडण देवी अथर्वशीर्षात कोड्यासारखी सांगितली आहे. आकाश म्हणजे ह, अग्नी म्हणजे र, त्याला ई आणि वर अर्धचंद्र व बिंदू. ज्याला हे कोडे नको असेल त्याने नुसते आपल्या तोंडाकडे लक्ष द्यावे. ह हा कंठातून येतो, र ला जीभ वर वळते, ई ला ती टाळूजवळ जाते, आणि अनुस्वाराला आवाज नाकात शिरून गुणगुणत राहतो. गळा, जीभ, टाळू, नाक असा एक लहानसा प्रवास तेवढ्यात घडतो. पुष्कळ लोक घाईने ‘रीम’ किंवा ‘हिरीम’ म्हणतात. त्यामुळे देवी रागावते असे मुळीच नाही. पण शेवटचा गुंजारव तुटतो आणि सगळी मौज त्या गुंजारवातच आहे. ओठ हलकेच मिटून तो भुंग्यासारखा लांबवावा व श्वास संपेल तसा संपू द्यावा.

जपाचे तीन प्रकार शास्त्रात सांगितले आहेत. दुसऱ्यास ऐकू येईल असा तो वाचिक. ओठ हलतात पण शेजाऱ्यासही ऐकू येत नाही तो उपांशु. आणि ओठही हलत नाहीत तो मानस. मनुस्मृतीत उपांशु हा वाचिकापेक्षा वरचा आणि मानस हा त्याहूनही वरचा मानला आहे. वाणीचेही वैखरी, मध्यमा, पश्यंती आणि परा असे चार थर मानतात. जप बाहेरून आत जातो म्हणजे या जिन्याच्या पायऱ्या उलट्या उतरतो. पहिल्या दिवशीच मानसजप करू पाहणाऱ्याचे मन दोन मिनिटांत बाजारात जाऊन बसते, यासाठी आरंभ मोठ्याने करणेच शहाणपणाचे.

आता प्रत्यक्ष कृती. साधकाने पोट जड नसताना, शक्यतो सकाळी किंवा दिवेलागणीस बसावे. मांडी घालता येत असेल त्याने मांडी घालावी. गुडघे दुखत असतील त्याने भिंतीला टेकावे अथवा खुर्चीवर बसावे, त्यात काही कमीपणा नाही. पाठ ताठ पण ताठरलेली नसावी. डोळे मिटावेत किंवा समईच्या ज्योतीपुढे अर्धवट उघडे ठेवावेत. आरंभी पाच-सात श्वास नुसते येऊ-जाऊ द्यावेत. मग जो सांगणारा असेल त्याने एकदा ‘ह्रीं’ म्हणावे व सर्वांनी त्याच्या मागून म्हणावे. असे ११ वेळा मोठ्याने, एका श्वासाला एक बीज. दोन बीजांमध्ये घाई करू नये. आवाज विरला की श्वास आपण होऊन आत येईल, तो आल्यावरच पुढचे म्हणावे. नंतर ११ वेळा ओठांतल्या ओठांत. नंतर ११ वेळा मनात, आणि मनात म्हणताना लक्ष छातीच्या मध्यावर ठेवावे. माळ घ्यावयाची तर घ्यावी. १०८ मणी झाल्यावर मेरूमणी न ओलांडता माळ फिरवून घेण्याची रीत आहे. पण मोजण्यातच जीव अडकत असेल तर माळ बाजूला ठेवलेली बरी.

यानंतर सांगणाऱ्याने ‘आता सोडा’ एवढेच म्हणून गप्प व्हावे. येथपर्यंतची सगळी खटपट या क्षणासाठी असते आणि नेमका हाच भाग लोक गाळतात. जप संपला की कोणी कुलकर्ण्यासारखा हिशेब करतो, कोणी चपला शोधतो. वस्तुतः मनातले शेवटचे बीज विरून गेल्यावर काही काळ आत कोणताच शब्द नसतो आणि तरीही माणूस जागा असतो. झोपलेला नसतो, विचारही करीत नसतो. कान ऐकत असतात, श्वास चालू असतो, आणि हे सगळे कोणाला तरी कळत असते. त्या कळण्यातच टेकून राहावे. काही आणू नये, काही घालवू नये. मांडूक्य उपनिषदात ओंकाराच्या अ, उ, म या तीन मात्रांनंतर चौथी, मात्रा नसलेली अवस्था सांगितली आहे. ध्यानबिंदू उपनिषदात नादाला घंटेच्या लांबत जाणाऱ्या आवाजाची उपमा आहे. नवी घंटा मंदिरात टांगलेली आहेच. तिचा टोल ऐकून तो संपेपर्यंत तेथेच उभे राहावे आणि नेमका कोठे संपला हे शोधावे. ती रेघ कोणालाच सापडत नाही. आवाज शांततेत मिसळतो आणि ऐकणारा तसाच राहतो. होळीच्या रात्रभर ढोल वाजून पहाटे एकदम थांबतो तेव्हा डोंगर जसा मोठा वाटू लागतो, तो अनुभव सातपुड्यातल्या माणसाला नवा नाही.

आता कोणी म्हणेल, विचार तर येतच राहतात, त्यांचे काय करावे? कचेरीत आवक-जावक रजिस्टर असते. आलेल्या प्रत्येक टपालाची आवकेत नोंद होते, पण नोंद करणाऱ्याने तेथेच प्रत्येक प्रकरणाचा निकाल लावावा असा नियम नाही. तसे केले तर संध्याकाळपर्यंत पहिलाच लखोटा हातात राहील. विचार आला, कळला, नोंद झाली, पुढे गेला. कर्जाचा आला, मुलीच्या लग्नाचा आला, बांधावरच्या भांडणाचा आला, तरी तेच. फारच ओढून नेऊ लागला तर पुन्हा एकदा मनात ह्रीं म्हणावे आणि ते विरू द्यावे. बीज हा खुंटा आहे. गाय चरावयास गेली तरी दावणीला परत येते.

या तालुक्यातच अस्तंभ्याचा डोंगर आहे. दिवाळीत हजारो लोक रात्रीचा दिवस करून तो चढतात. कपाळाची जखम बरी होत नाही म्हणून अश्वत्थामा तेल मागत रानोमाळ फिरतो, ही कथा येथे लहान मुलालाही ठाऊक आहे. रात्री दोन वाजता झोप न येणाऱ्या माणसाचे मन याहून निराळे नसते. तेही एकच जखम घेऊन दारोदार फिरते. त्याला कोणी तेल देऊ शकत नाही. पण फिरणे थांबवून पाच मिनिटे बसता आले तरी पुष्कळ झाले.

आणखी एक दाखला जीर्णोद्धाराला शोभणारा आहे. वणीच्या सप्तशृंगी गडावर खानदेशातून चैत्री यात्रेला पायी जाणारे पुष्कळ आहेत. त्या अठरा भुजांच्या मूर्तीवर वर्षानुवर्षे शेंदराची पुटे चढत गेली होती. २०२२ सालच्या नवरात्रापूर्वी ती जाणकारांच्या देखरेखीखाली उतरविण्यात आली आणि शेकडो किलो शेंदूर निघाल्यावर मूळ स्वरूप भक्तांच्या दृष्टीस पडले. तेथे नवी मूर्ती कोणी घडविली नाही. जी होती तीच दिसली. ध्यानात शांतता निर्माण करावी लागते असा समज आहे, तो यावरून तपासून पाहण्याजोगा आहे.

हा मार्ग बाहेरून आलेला आहे असेही कोणी समजू नये. समुद्रसपाटीपासून ११०० मीटरहून उंच असलेले तोरणमाळ याच तालुक्यात आहे. तेथे गोरखनाथांचे मंदिर व मच्छिंद्रनाथांची गुहा आहे आणि महाशिवरात्रीला यात्रा भरते. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी सांगणारे ज्ञानदेव याच नाथपरंपरेतले : मच्छिंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती आणि ज्ञानदेव. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीला जगदंबा म्हटले आहे. म्हणजे देवी केवळ गाभाऱ्यात नाही, आतही आहे, हे मराठी भाषेत सातशे वर्षांपूर्वीच सांगून झाले. नाथपंथी लोक श्वासालाच जप मानतात, त्यास अजपाजप म्हणतात. दिवसरात्र मिळून माणसाचे २१,६०० श्वास होतात असा त्यांचा हिशेब आहे. भागून पाहिले तर मिनिटाला १५ पडतात आणि डॉक्टरांच्या मोजणीशी तो बऱ्यापैकी जुळतो.

डॉक्टरांचा विषय निघाला म्हणून सांगावयाचे. अमेरिकेतील हर्बर्ट बेन्सन या डॉक्टरांनी १९७५ साली एक पुस्तक लिहिले. स्वस्थ बसून एखादा शब्द पुन्हा पुन्हा उच्चारला आणि मध्ये आलेल्या विचारांकडे दुर्लक्ष केले तर श्वास व नाडी मंदावतात, असे त्यांनी त्यात मांडले. पुढे २००१ साली इटलीतील लुचियानो बर्नार्दी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २३ निरोगी माणसांची तपासणी केली. ख्रिस्ती जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि ‘ओम मणि पद्मे हुं’ हा मंत्र, दोहोंनीही श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो असे त्यांना आढळले. श्वास संथ झाला की हृदयाची लयही त्याच्याशी जुळते. यावरून बीजमंत्रात देवीचे सामर्थ्य आहे असे सिद्ध होत नाही, नाही असेही सिद्ध होत नाही. एवढे मात्र दिसते की लांब श्वासावर लयीत केलेला जप शरीराला मानवतो, मग जप करणारा कोणत्याही धर्माचा असो.

यापुढचा मुद्दा थोडा नाजूक आहे, परंतु तो टाळून चालणार नाही. बीजमंत्र म्हणावयास दीक्षा लागते की नाही? तंत्रमार्गात लागते, असे परंपरा सांगते. अक्षराला लाख या हिशेबाने नवार्णाचे पुरश्चरण म्हणजे नऊ लाख जप. रोज १००० धरला तरी ९०० दिवस. असे अनुष्ठान ज्याला करावयाचे असेल त्याने जाणत्या गुरूकडे जावे व त्याच्या आज्ञेत राहावे, हेच योग्य. पण संध्याकाळी पंधरा मिनिटे शांत बसणाऱ्याला ती अट घालणे म्हणजे विहिरीवर कुलूप लावण्यासारखे आहे. ज्याच्या जिभेवर ह्रीं बसत नाही किंवा ज्याला दीक्षेवाचून ते म्हणावेसे वाटत नाही, त्याने नुसते ‘आई’ म्हणावे.

आणि या भागात ‘आई’ला स्वतःचा शब्द आहेच : याहा. सातपुड्यातल्या आदिवासी बांधवांची याहा मोगी, गुजरातमधील नर्मदा जिल्ह्यात, सागबारा तालुक्यात देवमोगरा येथे आहे. महाशिवरात्रीला तिकडे लोटणारी गर्दी नंदुरबार जिल्ह्यातूनही जाते. बांबूच्या टोपलीतून नवे धान्य वाहिले जाते. दुष्काळात लोकांना धान्य देऊन जगविणारी माता अशी तिची कथा सांगतात. तिच्या उपासनेला संस्कृत अक्षर लागलेले नाही आणि ते लागत नाही म्हणून ती कमी प्रतीची ठरत नाही. नव्या मंदिरात बसून एखाद्या पावरा आजीने दीर्घ श्वासावर ‘याहा’ म्हटले आणि मग ती गप्प बसून राहिली, तर वर सांगितलेल्या साधनेतले काहीही तिच्याकडून सुटले असे होत नाही. उलट शुद्ध उच्चाराच्या नावाखाली तिला कोणी मागे बसविले, तर या मंदिरावर लागलेला पैसा वाया गेला असे स्पष्ट म्हणावे लागेल. खानदेशात श्रावणातल्या कानबाईला घरोघर रोट होतात, तेथेही मंत्रापेक्षा जागर मोठा. देवी एक आणि हाका अनेक, ही येथली जुनी वहिवाट आहे.

मंत्राच्या नावाने जे इतर प्रकार चालतात त्यांविषयीही दोन शब्द आवश्यक आहेत. बीजमंत्राने मुलगा होतो, गुप्तधन सापडते, शत्रूचे वाटोळे होते, असे सांगून दक्षिणा मागणारा मनुष्य दारात आला तर त्याला पाणी देऊन वाटेला लावावे. साप चावलेल्याला मंत्र घालत बसवून दवाखान्यात जाण्यास अडविणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. याहून भयंकर प्रकार म्हणजे एखाद्या निराधार बाईला डाकीण ठरविणे. जिल्ह्यात हा कलंक अद्याप पुसला गेलेला नाही. एका बाईला आई म्हणून पूजावयाचे आणि दुसरीला डाकीण म्हणून मारावयाचे, हे ज्या गावात घडेल त्या गावाने सभामंडपात ह्रीं न म्हटलेलेच बरे.

प्रकृतीची काळजीही घ्यावी. बसल्यावर पायाला मुंग्या येणे, पेंग येणे, क्वचित कारण नसता डोळ्यांत पाणी येणे हे चालावयाचेच. पेंग आली तर डोळे उघडावेत. रडू आले तर येऊ द्यावे. घरात मृत्यू झालेला असेल त्याला शांततेत तो पहिल्यांदा आठवतो. परंतु ज्याला मनाचा आजार आहे, भास होतात, अथवा डोळे मिटताच भीती दाटून येते, त्याने लांबवर ध्यान करू नये, कोणाबरोबर तरी बसावे आणि डॉक्टरांचा सल्ला व गोळ्या सोडू नयेत. या भागात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. त्यांनी नवरात्रात निर्जळी उपवास व पहाटेचे थंड पाण्याचे स्नान टाळावे, कारण पाणी कमी पडले किंवा गारठा लागला की दुखणे उसळते. देवीला यात काही उणे वाटणार नाही. दुखू लागलेच तर जप नंतर, ग्रामीण रुग्णालय आधी.

शेवटी भोंग्याचा प्रश्न. आवाजाच्या प्रदूषणासंबंधीच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत तो बंदच ठेवावयाचा असतो, परंतु उरलेल्या वेळी गाण्यांची फीत अखंड लावून ठेवणे म्हणजेच भक्ती, असा एक समज होऊन बसला आहे. ज्या दात्यांनी भोंगा व यंत्र दिले त्यांचा हेतू चांगलाच होता आणि आरतीला, कीर्तनाला त्याचा उपयोग आहे. तथापि दिवेलागणीच्या आरतीनंतर अर्धा तास तो बंद राहावा, मंडपातले मोठे दिवे मालवून समई तेवढी ठेवावी, आणि त्या वेळात दर्शनाला येणाऱ्याने घंटा वाजवावयाची तर एकच टोल द्यावा. एवढी शिस्त विश्वस्त मंडळींना बिनखर्चाने लावता येईल. बसणाऱ्याने घरून आसन किंवा घोंगडीची घडी आणावी, कारण नवी फरशी थंडीत फार गार लागते. लहान मुलांना हाकलू नये. ती पाच मिनिटे बसतात आणि उठून जातात. सांगणारा रोज तोच नसावा. आज एकाने, उद्या दुसऱ्याने, परवा एखाद्या भगिनीने ‘ह्रीं’ म्हणावे, पावरीत सांगता येत असेल त्याने पावरीत सांगावे, आणि ‘आता सोडा’ म्हटल्यावर त्यानेही इतरांबरोबर गप्प बसावे.